एलपीएनचं ‘एक वर्ष’ नेमकं किती महिन्यांचं?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या माहितीपत्रकात प्रॅक्टिकल नर्सिंगच्या कोर्सपुढे ‘१२ महिने’ असं छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण ते मधले १२ महिने असतात. त्यांच्या आधी प्रवेशाची तयारी, नंतर लायसन्सची परीक्षा. दोन्ही टोकं धरली तर दोन वर्षं सहज जातात. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सी किंवा टेक्ससला आलेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर या कोर्सकडे वळणाऱ्या बऱ्याच जणी इथेच अडकतात. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या बॅचची चौकशी जूनमध्ये करतात आणि अर्जाची मुदत वसंतातच संपलेली असते.

एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात याच पदाला एलव्हीएन म्हणतात, व्होकेशनल नर्स, काम तेच. वरच्या पायरीवर आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. खालच्या पायरीवर सीएनए, म्हणजे अंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं ही कामं करणारी प्रशिक्षित मदतनीस. आपल्या दवाखान्यातल्या मावशींच्या कामाशी जवळचं काम, फक्त इथे त्यासाठीही परीक्षा आणि नोंदणी लागते. एलपीएन औषधं देते, इंजेक्शन देते, जखमेचं ड्रेसिंग करते, कॅथेटर घालते, पेशंटमध्ये काय बदल होतोय ते टिपते. हे सगळं आरएन किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली. आपल्याकडच्या एएनएमशी तुलना केली जाते, ती अर्धीच बरोबर आहे. एएनएमचा भर गावपातळीवर असतो, बाळंतपण, लसीकरण, घरभेटी. एलपीएनचं बहुतांश काम म्हाताऱ्या आणि दीर्घ आजारी माणसांमध्ये, नर्सिंग होममध्ये चालतं. आणि नर्सिंग होम म्हणजे आपल्या गल्लीतलं छोटं खासगी हॉस्पिटल नव्हे. तिथे माणसं वर्षानुवर्षं राहतात.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेलं असेल तर हा कोर्स करायच्या आधी अमेरिकेत आपण राहतो त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे आरएनसाठी कागदपत्रांचं मूल्यमापन करून घ्यावं. आहे त्या शिक्षणावर वरची परीक्षा देता येत असेल तर खालच्या पायरीवर एक वर्ष घालवण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण कामाची परवानगी नसेल तर लायसन्स मिळूनही पगार घेता येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवीची गरज असलेली नोकरी लागते, त्यात एलपीएन बसत नाही. नर्सना ग्रीन कार्डसाठी मिळणारी ‘शेड्यूल ए’ची सवलत आरएनसाठी आहे, एलपीएनसाठी नाही. ‘नर्सिंग केलं की ग्रीन कार्ड लवकर’ असं कुणी सांगितलं तर आधी ‘कुठलं नर्सिंग?’ असं विचारावं.

कोर्सच्या आधीचे महिने

बहुतेक कॉलेजं प्रवेशाआधी काही विषय मागतात: शरीररचना आणि शरीरक्रिया, इंग्रजी लेखन, कधी मानसशास्त्र. भारतातली बीएस्सी असली तरी तिचं विषयवार मूल्यमापन इथल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा अधिकृत संच मागवावा लागतो. हे काम नातेवाइकांवर सोपवून निर्धास्त होऊ नये. खिडकीपुढची एकेक फेरी आठवडा खाते. शिवाय विज्ञानाच्या विषयांना अनेक कॉलेजं ५ किंवा ७ वर्षांची मुदत लावतात. २००९ साली पुण्यात केलेलं जीवशास्त्र मग ग्राह्य धरलं जात नाही, परत करावं लागतं. म्हणजे गेलं एक सेमिस्टर.

मग प्रवेश परीक्षा. बऱ्याच ठिकाणी ‘टीज’ नावाची असते: १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. गणित आपल्या दहावीच्या खालचं आहे. आपल्या लोकांचे गुण जातात ते वाचनात, कारण तिथे उतारा समजणं पुरत नाही. लेखकाचा हेतू, वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक असलं काहीतरी विचारतात, आणि त्याची सवय शाळेत लागलेली नसते.

खरा वेळ खातात त्या लसी. हॉस्पिटलं आणि नर्सिंग होम्स विद्यार्थ्यांना आत घेण्याआधी कॉलेजकडून प्रत्येकाची फाईल मागतात. तीत गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं किंवा तशाच मान्य संस्थेचं सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवणं) प्रमाणपत्र असतं. ही कामं फार वेळ खात नाहीत. पण लहानपणी नाशिकला की कोल्हापूरला टोचलेल्या लसींचं कार्ड कुणाकडे शिल्लक असतं? ते नसेल तर रक्तातली प्रतिपिंडं मोजून घेणं हा सोपा रस्ता. कांजिण्या किंवा गोवर लहानपणी येऊन गेलेले असतील तर त्यातच दिसतात आणि डोस वाचतात. प्रतिपिंडं नसतील तर गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन आणि कांजिण्यांचे दोन डोस, प्रत्येकी किमान २८ दिवसांच्या अंतराने. हेपटायटिस बी चे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहाव्या महिन्याला असतात, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी लस लागू पडली का याची रक्ततपासणी. हिशेब करा: आठ महिने. दोन डोसांत, एका महिन्यात संपणारी हेपटायटिस बी ची लसही आता मिळते. घाई असेल तर डॉक्टरकडे तिचं नाव काढावं. काही कॉलेजं डोस ‘चालू’ असले तरी घेतात, काही घेत नाहीत.

क्षयरोगाची चाचणी हा भारतात जन्मलेल्यांचा खास घोळ आहे. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते. कातडीखाली टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजायची जी जुनी चाचणी आहे, ती बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणखी दोन आठवडे. त्याऐवजी आयग्रा ही रक्ताची चाचणी मागून घ्यावी. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि एका खेपेत काम होतं. आयग्राही पॉझिटिव्ह आली तर शरीरात सुप्त जंतू असण्याची शक्यता धरतात. एक्स-रे स्वच्छ असेल तर त्यावरून सहसा प्रवेश अडत नाही, पण उपचारांबद्दल डॉक्टरशी बोलणं टाळू नये. आणखी एक खाच: गोवराची किंवा कांजिण्यांची जिवंत लस घेतल्यावर काही आठवडे क्षयरोगाच्या चाचणीचा प्रतिसाद दबतो. म्हणून ही चाचणी लसीच्याच दिवशी तरी करावी, नाहीतर चार आठवडे थांबून. आधी लस आणि आठवड्याने चाचणी असा क्रम लावला तर नर्स परत पाठवते.

आतले बारा महिने

किमान तास राज्य ठरवतं. टेक्ससमध्ये ते १,३९८ आहेत: ५५८ वर्गातले आणि ८४० क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष सरावाचे. कॅलिफोर्नियात १,५३० आहेत, त्यांपैकी ९५४ क्लिनिकलचे. टेक्ससचा आकडा ४८ आठवड्यांत वाटला तर आठवड्याला २९ तास येतात. त्यावर घरचा अभ्यास धरला की हा पूर्णवेळ नोकरीहून मोठा भार आहे. संध्याकाळी जमेल तेवढं करू, असं इथे चालत नाही.

क्लिनिकलचा दिवस सहसा पावणेसातला, पाळी बदलताना सुरू होतो. त्या वेळी डेकेअर उघडलेलं नसतं, बऱ्याच गावांत बसही नसते. गाडी चालवता येणं हा या कोर्सचा न लिहिलेला विषय आहे. गैरहजेरीची मर्यादा कडक असते, उशीर हाही गैरहजेरीतच धरतात, आणि तास भरून काढायला जागा नसते. मुलाला ताप आला तर कोण थांबेल, हे प्रवेशाआधी ठरलेलं बरं. कोर्स सोडणाऱ्यांत अभ्यास न झेपल्यामुळे सोडणारे असतात, तसे या एका प्रश्नामुळे सोडणारेही दिसतात.

गणवेश, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, स्टेथोस्कोप, वाकड्या टोकाची कात्री एवढं सामान. बांगड्या चालत नाहीत, कारण मनगटावर काही असलं की हात नीट धुतले जात नाहीत. मंगळसूत्र आत दडवलं तरी पुष्कळ ठिकाणी काढायला सांगतात, आणि त्यामागे अंधश्रद्धेचा किंवा धर्माचा काही संबंध नसतो. स्मृतिभ्रंश झालेला पेशंट घाबरून गळ्यातली साखळी पकडून ओढतो, एवढंच.

अभ्यासक्रमातला जो भाग सगळ्यांत लवकर माणसं गाळतो तो औषधांचं गणित. बेरीज-भागाकारापलीकडे त्यात काही नाही, पण पास व्हायला अनेक कॉलेजांत ९० टक्के किंवा त्याहून जास्त लागतात आणि तोपर्यंत औषधांना हात लावू देत नाहीत. सूत्र एकच: हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले हातातलं आकारमान. ऑर्डर ०.२५ ग्रॅमची आहे, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम लिहिलंय. ०.२५ ग्रॅम म्हणजे २५० मिलिग्रॅम. भागिले १२५, गुणिले ५. उत्तर १० मिलिलिटर. सलाईनचं तसंच: १,००० मिलिलिटर ८ तासांत द्यायचं, नळीतून एका मिलिलिटरला १५ थेंब पडतात. १,००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ३१.२५. थेंबाचा पाव भाग नसतो, म्हणून मिनिटाला ३१ थेंब.

चुका होतात त्या पौंड आणि किलोत. इथे वजनकाटा पौंडात, औषध किलोवर. ४४ पौंडांचं मूल म्हणजे भागिले २.२, २० किलो. ॲसिटामिनोफेन किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचं तर ३०० मिलिग्रॅम, आणि ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ९.४ मिलिलिटर. घाईत भागाकाराऐवजी गुणाकार झाला तर तेच मूल ९६.८ किलोचं होतं आणि मात्रा १,४५२ मिलिग्रॅम निघते, जवळजवळ पाचपट. म्हणून शिक्षक एकच सवय लावतात: उत्तर आल्यावर हातात धरून बघा. एका लहान मुलाला ४५ मिलिलिटर सिरप? दीड औंसाचा पेला भरून? आकड्याला नसते एवढी अक्कल नजरेला असते.

ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. असे जोड बरेच आहेत आणि ते पहिल्या महिन्यातच पाठ करावेत: साल्ब्युटामॉलला इथे अल्ब्युटेरॉल म्हणतात, ॲड्रिनलिनला एपिनेफ्रिन, पेथिडिनला मेपेरिडिन. लिहिण्याचेही दोन नियम आहेत, ते मोडले तर गुण जातात. पूर्णांक नसेल तर दशांशाआधी शून्य हवंच, ०.५, आणि पूर्णांकानंतर शून्य नको, ५ म्हणजे ५, ५.० नव्हे. टिंब पुसट झालं तर पहिल्यात .५ चे ५ होतात, दुसऱ्यात ५.० चे ५०. दोन्हींत दहापट.

स्किल्स लॅबमधली एक परीक्षा जवळून बघण्यासारखी आहे: दोन इन्सुलिनं एकाच सिरिंजमध्ये भरणं. हल्ली पेन आल्याने हे काम कमी झालंय, पण परीक्षक अजून हेच काढतात, कारण यात विद्यार्थ्याचं डोकं कसं चालतं ते दिसतं. ऑर्डर अशी: रेग्युलर ८ युनिट, एनपीएच २० युनिट. रेग्युलर पाण्यासारखं नितळ असतं, एनपीएच गढूळ. हात धुवायचे, दोन्ही कुप्यांची नावं आणि मुदत ऑर्डरशी ताडायची. एनपीएचची कुपी तळहातांत हलकेच घोळायची. हलवली तर बुडबुडे होतात आणि मात्रा चुकते. दोन्ही बुचं अल्कोहोलने पुसून वाळू द्यायची. आधी २० युनिट हवा एनपीएचमध्ये सोडायची, सुईचं टोक इन्सुलिनला लागू न देता, आणि सुई रिकामी बाहेर काढायची. मग ८ युनिट हवा रेग्युलरमध्ये, कुपी उलटी करून ८ युनिट ओढायचं, बुडबुडे काढायचे. मग तीच सुई एनपीएचमध्ये घालून २८ च्या रेघेपर्यंत ओढायचं. दुसऱ्या नर्सला दाखवायचं आणि मगच पेशंटकडे जायचं.

हवा गढूळमध्ये आधी, औषध नितळमधून आधी. कारण नितळच्या कुपीत गढूळचा एक थेंब गेला तरी ती कुपी बिघडते. लगेच काम करायला हवं असलेलं औषध सावकाश काम करू लागतं आणि हे बाहेरून दिसत नाही. ओढताना ३० झालं तर? जादाचं परत कुपीत ढकलायचं नाही, कारण आता ते मिश्रण आहे. सिरिंज टाकून पहिल्यापासून सुरुवात. परीक्षेत दोन युनिट गुपचूप परत ढकलणाऱ्याला तिथेच नापास करतात, आणि सिरिंज टाकून ‘पुन्हा करते’ म्हणणारी पास होते. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन नितळ दिसतं, पण ते कशातच मिसळायचं नाही. हा हमखास विचारला जाणारा सापळा आहे.

लेखी परीक्षेत आपल्या पाठांतराची पंचाईत होते. प्रश्न ‘न्यूमोनियाची लक्षणं लिहा’ असा नसतो. चार पेशंट देतात आणि विचारतात, आधी कुणाकडे जाल? एकाचं ऑपरेशन परवा झालंय, वेदना दहापैकी सहा. दुसऱ्याची जेवणाआधीची साखर १८०. तिसऱ्याला फुप्फुसांचा जुना विकार आहे, ऑक्सिजन ९० टक्के, त्याच्यासाठी नेहमीचा. चौथ्या बाईंचं मांडीचं हाड काल मोडलंय, त्या अचानक अस्वस्थ झाल्यात आणि त्यांना दम लागतोय. पाठांतरवाला ९० आकडा बघून तिसऱ्याकडे धावतो. उत्तर चौथं, कारण मोडलेल्या हाडातली चरबी किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते. नवीन, अचानक आणि श्वासाशी संबंधित हे जुन्या आणि अपेक्षित त्रासाच्या आधी येतं. पुढचा प्रश्न असतो: एलपीएनने काय करायचं? टिपायचं, आरएनला लगेच कळवायचं. नव्या पेशंटचं पहिलं मूल्यमापन आणि काळजीचा आराखडा आखणं हे आरएनचं काम. शिरेतून थेट औषध देण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे. आपल्या हद्दीत काय नाही, हे ओळखण्यालाही इथे गुण असतात.

कोर्स संपल्यावर

लायसन्सची परीक्षा एनक्लेक्स-पीएन. फी २०० डॉलर, राज्याची लायसन्स फी वेगळी. संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. किमान ८५, कमाल १५० प्रश्न, ५ तास. एप्रिल २०२३ पासून नव्या धर्तीचे प्रश्न आलेत, एकाच पेशंटच्या केसवर सहा-सहा. तुम्ही पात्रतेच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र थांबतं. म्हणून ८५ व्या प्रश्नाला पडदा काळा झाला तर त्यावरून काहीच कळत नाही, खूप छान किंवा खूप वाईट. नापास झालं तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं.

मराठी नावांचा एक जुना त्रास इथे उभा राहतो. परीक्षेची परवानगी ज्या नावाने येते ते ओळखपत्राशी तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर केंद्रातून परत पाठवतात आणि फी बुडते. पासपोर्टवर माहेरचं नाव, मध्ये वडिलांचं. ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, मध्ये नवऱ्याचं. कॉलेजात मधलं नावच नाही. हे सगळं एकसारखं करून घेणं कोर्सच्या पहिल्या सेमिस्टरमधलं काम आहे.

कॅनडात नातेवाईक असतील तर एक खुलासा. ऑन्टारिओत याच पदाला आरपीएन म्हणतात, तिथला डिप्लोमा दोन वर्षांचा असतो आणि २०२२ पासून परीक्षा ‘रेक्स-पीएन’ नावाची आहे. अमेरिकेतलं १२ महिन्यांचं गणित तिकडे लावू नये.

पगाराचं बघायचं तर अमेरिकी सरकारच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार एलपीएनचा मध्यम वार्षिक पगार ६२,३४० डॉलर, आरएनचा ९३,६००. पहिली नोकरी बहुधा नर्सिंग होममध्ये, आणि तिथली कसोटी म्हणजे औषधांची फेरी. नऊच्या औषधांना साधारण आठ ते दहा ही खिडकी असते. समजा तुमच्याकडे २४ जण आहेत. १२० मिनिटं भागिले २४, माणशी ५. त्यात गोळ्या कुस्करून सफरचंदाच्या गरात कालवणं आलं, रक्तदाब मोजूनच द्यायची गोळी आली, इन्सुलिन आलं, आणि ‘माझी मुलगी कधी येणार?’ हा प्रश्नही आला. अमेरिकी केंद्र सरकारच्या तपासणीत औषधचुकांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असावं लागतं. नव्या मुली वेळ वाचवायला पुढच्या तिघांच्या गोळ्या आधीच पेल्यांत काढून ठेवतात. तिथेच अदलाबदल होते.

वर्षभर असं काम केलं की पुष्कळ जणींच्या मनात आरएनचं येतं. कम्युनिटी कॉलेजांत त्यासाठी ब्रिज कोर्स असतो, साधारण तीन सेमिस्टरचा, आणि एलपीएनच्या अभ्यासाचं श्रेय त्यात धरतात. फक्त त्यालाही शरीररचनेचे दोन भाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र आधी लागतं, आणि सुरुवातीला केलेल्या विज्ञानाच्या विषयांची ५ किंवा ७ वर्षांची मुदत एव्हाना चालू झालेली असते. अर्जाआधी गुणपत्रकावरची ती तारीख काढून बघावी.